मोत्यें कोणापुढें?

डोंगरावरील प्रवचनांत येशूनें, पवित्र वस्तु कुत्र्यांस देऊं नये व मोत्यें डुकरांपुढें टाकूं नयेत, असें बजावलें आहे. परंतु श्रोतेहो, मत्तयाच्या सातव्या अध्यायांत हें वचन दुसऱ्याचे दोष न काढण्याच्या उपदेशामागोमाग येतें. मग अपात्र कोण, हें ठरवावयाचें कोणीं?

यरुशलेम येथें इ. स. ३५० च्या सुमारास सिरिलनें बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस विश्वासांगीकार शिकविला. पण तो कागदावर न उतरतां मुखोद्गत करावा, बाहेर सांगूं नये, अशी ताकीद दिली. अवेळीं मद्य दिल्यास रोग्यास वात होतो आणि दोष वैद्यास लागतो, हा त्याचा दृष्टान्त. यांत तिरस्कार नाहीं, पथ्य आहे.

ऑगस्टीनची दृष्टि अधिक कोमल. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नामक डीकननें, आपलें निरूपण आपणासच नीरस वाटतें, असें त्यास कळविलें; उत्तरादाखल ऑगस्टीननें पुस्तकच लिहिलें! कांहीं केल्या ज्याचें मन हलत नाहीं त्याच्यापाशीं देवाविषयीं फार बोलूं नये, देवापाशीं त्याच्याविषयीं अधिक बोलावें, असें तो म्हणतो. मात्र श्रोता जांभया देऊं लागला, तर तो उभा राहून थकला नाहीं ना, हें आधीं पाहावें व त्यास बसावयास द्यावें. (किती गुरुजींस हें सुचतें?) समुद्रापलीकडील कांहीं मंडळ्यांत श्रोत्यांसाठीं आसनें मांडलेलीं असतात, हेंही त्यानें मुद्दाम नमूद केलें आहे.