वार्तापत्र वाचले का जाते?

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात विंचूर नावाचे गाव आहे. पेशवाईतील सरदार विंचूरकरांमुळे त्याचे नाव इतिहासात आले; आज ते लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार म्हणून ओळखले जाते. हिवाळ्यात बाजारास येणारा लाल कांदा उन्हाळ कांद्याप्रमाणे चाळीत टिकत नाही. त्यामुळे माल आज काढावा की चार दिवस थांबावे, या एका निर्णयावर हंगामाची कमाई अवलंबून असते.

दिनांक ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. समजा, बंदीच्या त्या सकाळी विंचूरच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर ई-मेलने एखादे वार्तापत्र आले. आरंभी संस्थेचे बोधचिन्ह, त्याखाली अध्यक्षांचे छायाचित्र, मग अभिनंदनाचे ठराव, आणि बंदीची वार्ता पाचव्या परिच्छेदात! वार्ता खरी, भाषा शुद्ध, मांडणी देखणी. परंतु ती पाचव्या परिच्छेदापर्यंत वाचतो कोण? वाचकास आळशी म्हणण्यापूर्वी लिहिणाराने हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

याचे उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच एका कारखान्याने दिले आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ती कारखान्याची वार्तापत्रिका होती. नांगर आणि चरक विकणाऱ्यांचे पत्रक घरोघरी कोणी आवडीने वाचील, असे कोणास वाटले असते? परंतु शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि त्यांना वाचकाची नाडी कळत होती. पत्रिकेची दृष्टी यंत्राकडून माणसाकडे वळली. उद्योग, संसार, समाजसुधारणा हे तिचे विषय झाले. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. पाठविणारा काय सांगू इच्छितो यापेक्षा वाचकास काय हवे आहे याला प्रथम स्थान मिळाले, हे त्या यशाचे मर्म होय.

ई-मेलच्या वार्तापत्रासही हाच न्याय लागू पडतो. पत्र उघडण्यापूर्वी वाचकास प्रामुख्याने दोन गोष्टी दिसतात: पाठविणाराचे नाव आणि विषयाची ओळ. 'डिसेंबरचा अंक' या ओळीने काहीच कळत नाही. 'कांद्याची निर्यात आजपासून बंद' या ओळीने अर्धे काम होते. पहिल्या वाक्यात मुख्य वार्ता असावी. मोबाईलचा पडदा अरुंद, म्हणून मजकूर एकाच स्तंभात, ठळक अक्षरांत असावा. महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंडू नये. चित्र उतरले नाही, तर वार्ताही बुडते. पत्राचा भार बेताचा असावा. सुमारे १०२ किलोबाइटांपुढचा मजकूर जीमेल झाकून ठेवते. आणि पत्राचा वार एकदा ठरला की तो मोडू नये. रतिबाच्या दुधाप्रमाणे वाचक त्याची वाट पाहू लागतो.

निरोपाचे दारही उघडे असावे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाकाठी ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांनी नाव कमी करण्याची सोय सहज दिसेल अशी ठेवावी, असा नियम गूगलने २०२४ साली लागू केला. वस्तुतः हा साधा शिष्टाचार आहे. आग्रहाने बसवून ठेवलेला पाहुणा घड्याळाकडेच पाहत असतो.

किती जणांनी पत्र उघडले, या आकड्यावरही फार विसंबू नये. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की, वाचकाने पत्र पाहिले नसले तरी त्यातील चित्रे आधीच उतरवली जातात आणि पत्र उघडल्याची नोंद होते. पत्राला आलेले एक उत्तर अशा शंभर नोंदींहून मोलाचे होय.

शहरातील गृहसंस्था, माजी विद्यार्थ्यांची मंडळे आणि ग्रंथालये आता अशीच पत्रे धाडतात. पाणी उद्या येणार नसेल, तर ते पहिल्या ओळीत सांगावे. चिटणिसांचा सत्कार शेवटी आला तरी चालेल. वाचकाचा वेळ ही उसनी आणलेली वस्तू आहे. ती वेळेवर, आणि काही भर घालून परत करणाऱ्यासच ती पुन्हा मिळते.