चारचौघांतला पेला

(मेडशी, जि. वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सकाळी एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला. गावात आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करायच्या आणि अकोल्यास मित्राच्या लग्नात चारचौघांत बसून एखादा पेला घ्यायचा, यात अनीती आहे काय? काहीजण हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

आधी स्वतःविषयी सांगतो. प्राध्यापकीच्या काळात मी सहकाऱ्यांसमवेत अधूनमधून मद्य घेतलेले आहे. त्यात पाप घडते असे तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. मद्याचा विटाळ ही कल्पना सोवळ्याओवळ्याच्या कोठारातली आहे आणि ती आपल्याला उपयोगाची नाही. मोहाच्या फुलांची दारू देवाला आणि पूर्वजांना अर्पण करणारा आदिवासी अनीतिमान आणि त्याच्याकडून सावकारी व्याज घेणारा निर्व्यसनी मनुष्य नीतिमान, हा हिशेब आपण मानत नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी मुंबई इलाख्यात गावोगावचे गाळप मोडून दारूचा व्यवहार आपल्या हाती आणला, तो महसुलासाठी. आणि १८८० साली पुण्यात वाढत्या दारूदुकानांविरुद्ध जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेस लिहिले, ते धर्म बुडतो म्हणून नव्हे. गरिबांची घरे बुडतात म्हणून.

तेव्हा पेल्यात पाप नाही. मग प्रश्न कोठे उरतो?

एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला संकोच वाटतो. मी नोकरीत असताना एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभानंतर आम्ही सातआठ प्राध्यापक बसलो होतो. पेले धुणे, बर्फ आणणे हे काम आमचा शिपाई करीत होता. पुढे सहाएक महिन्यांनी तोच शिपाई कामावर पिऊन आला म्हणून निलंबित झाला. चौकशी समितीत त्या रात्रीचे दोघे होते, त्यांपैकी एक मी. अहवालावर माझी सही आहे. नियमाप्रमाणे ती चूक नव्हती; तो कामावर प्याला होता, आम्ही काम संपल्यावर. हा फरक खरा आहे. पण त्याची पत्नी घरी आली आणि म्हणाली, “सर, त्या रात्री उरलेली बाटली त्यांनी घरी आणली होती. ती तुम्हीच दिली होती ना?” आम्हीच दिली होती. उदार मनाने दिली होती.

त्यानंतर मी पेला हाती घेतला नाही. हा माझा निर्णय. तो कोणावर लादण्याचा अधिकार मला नाही.

आता थोडे कायद्याविषयी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यानुसार मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. लग्नाच्या बैठकीत बसणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो? त्यांच्यावर धाड पडत नाही. पडते ती हातभट्टीवर. म्हणजे एकाच कायद्याचा भंग एका ठिकाणी रसिकता ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट आहे. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराबाहेर आहे. राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणून जे थोडे कर उरले, त्यांत हा मोठा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४,००० कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा सांगितली. ज्या शासनाला पिणारा कमी होणे परवडत नाही, ते व्यसनमुक्तीचे फलक कोणत्या तोंडाने लावते? २००७ साली धान्यापासून मद्य करण्याचे धोरण आले तेव्हा ज्वारी उत्पादकाचे नाव पुढे झाले; जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा द्राक्ष बागायतदाराचे. आणि दर वेळी तोंडी लावण्यास असतो तो सभ्य, माफक पिणारा मध्यमवर्गीय. व्यापार चालतो जास्त पिणाऱ्यांच्या जिवावर. प्रतिष्ठा मात्र त्याला थोडे पिणारा मिळवून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही. म्हणजे माफकपणाचा वैद्यकीय आधारही गेला.

संपूर्ण बंदी हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. मधल्या काळात चोरटी दारू थांबली नाही. बंदी नसलेल्या मुंबईत २०१५ साली मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, तीही गरीबच. बंदीवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी आणि बंदीची थट्टा करणाऱ्यांनी, दोघांनीही याचा विचार करावा.

त्या तरुण मित्रास माझे उत्तर असे : तू पेला घेतलास म्हणून तू वाईट मनुष्य ठरत नाहीस. पण जिची सही तू घेतोस तिच्यासमोर तुला तो घेता येईल काय? येत नसेल, तर का येत नाही याचा शोध घे. मित्राच्या लग्नास अवश्य जा. नको म्हणण्यास भाषण लागत नाही.

एक व्यवहाराची बाब राहिली. २००८ च्या आदेशाप्रमाणे दुकान बंद होण्यास झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस लागतात. सोयाबीनच्या सोंगणीस गेलेली, मत न दिलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखीच होते. तेव्हा कोणत्या वस्तीत कोणी जायचे, याची यादी आता बैठकीपुढे घ्यावी.