खेळाच्या सर्व्हरची वाट कुठे अडते?



"काका, सर्व्हर जोडत नाहीये." सुट्टीच्या दिवसांत हे वाक्य पुष्कळ घरांतून ऐकू येते, आणि त्यावर मोठ्या माणसांचे उत्तरही ठरलेले असते: "बरं झालं, आता जरा पुस्तक उघड." मीही तेच म्हणणारा. परंतु आमच्याच घरी असा एक प्रसंग आला, की पुतण्याच्या शेजारी मलाही संगणकापुढे बसावे लागले. त्यातून जे उमगले ते आज तुम्हांला, आणि विशेषतः शाळेतला संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या गुरुजींना व बाईंना सांगावे म्हणतो.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीने तो 2011 साली पूर्ण रूपात बाहेर आणला. चौकोनी ठोकळे खणायचे, रचायचे, घर बांधायचे, शेत करायचे, अशी त्याची मौज. एकट्याने खेळता येतो, पण खरी गंमत चौघांनी मिळून खेळण्यात. त्यासाठी एका संगणकावर सर्व्हर चालवावा लागतो. सर्व्हर म्हणजे त्या काल्पनिक गावाचा कुलकर्णीच म्हणा ना! कोणी कुठे भिंत घातली, कोणाच्या पेटीत काय आहे, याचे सारे दप्तर त्याच्यापाशी, आणि बाकीचे खेळाडू आपापल्या घरून त्याच्याशी जोडलेले.

पुतण्याने हा सर्व्हर घरच्या एका जुन्या संगणकावर मांडला होता. त्याचा जिवलग मित्र वडिलांच्या नोकरीपायी सुरतेला गेलेला. रोज रात्री जेवणे झाली की तासभर दोघे मिळून एक गाव उभारीत. एके रात्री विहीर कुठे खणायची यावरून दोघांची चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडची वीज गेली, ती संध्याकाळी आली. रात्री मित्राच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटली: कनेक्शन रिफ्यूज्ड. रिफ्यूज्ड म्हणजे नाकारले, एवढे इंग्रजी त्याला येत होते. त्याने सरळ अर्थ घेतला, की कालच्या भांडणावरून आपल्याला गावाबाहेर काढले. त्याने फोन उचलणे बंद केले. इकडे हा शपथा घेतोय, की मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही. आणि नवल असे, की याचा स्वतःचा खेळ तर बिनबोभाट चालू होता!

आता हे कोडे सोडवायचे तर निरोप कसा जातो ते आधी पाहिले पाहिजे. एक जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावरून दिसणारा वाड्याचा पत्ता एकच, आत बिऱ्हाडे अनेक. आपल्या घरातला राउटर म्हणजे त्या वाड्याची देवडी. बाहेरच्या जगाला फक्त देवडीचा पत्ता ठाऊक. आत मात्र राउटर प्रत्येक यंत्राला, म्हणजे संगणकाला, फोनला, दूरदर्शन संचालाही, एकेक आतला क्रमांक देतो. 192.168 ने सुरू होणारे जे आकडे तुम्ही पाहिले असतील ते हेच. आणि त्या बिऱ्हाडातला कोणता दरवाजा ठोठवायचा, तो दरवाजाचा आकडा म्हणजे पोर्ट. संगणकावरच्या माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा ठरलेला दरवाजा आहे 25565. मोबाइलवर जी बेडरॉक आवृत्ती असते तिचा 19132. या दोन आवृत्त्या एकमेकींशी आपोआप जुळत नाहीत, त्यासाठी निराळी जोडणी लागते. "माझ्या मोबाइलवरून याच्या संगणकात शिरता येत नाही" अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

बाहेरून कोणी 25565 विचारत आला तर त्याला कोणत्या बिऱ्हाडाकडे पाठवायचे, हे देवडीवरच्या दरवानाला लिहून द्यावे लागते. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पुतण्याने ते लिहून दिले होते: आलेल्याला 192.168.1.7 कडे पाठव.

आता पडद्यावरच्या संदेशाकडे वळू. आमची मुले, आणि मोठी माणसेही, हे संदेश वाचीतच नाहीत. "काहीतरी इंग्रजी आलं" म्हणून ती खिडकी बंद करून टाकतात. वास्तविक निम्मे निदान तिथेच असते. कनेक्शन टाइम्ड आउट असे आले, तर आपण हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. पत्ता चुकला असेल, फायरवॉल नावाच्या पहारेकऱ्याने निरोप मुकाट्याने टाकून दिला असेल, किंवा देवडीवर काही लिहूनच दिले नसेल. कनेक्शन रिफ्यूज्ड याचा अर्थ बहुधा निराळा: हाक कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचली, पण त्या यंत्राने उत्तर दिले, की या दरवाजाशी कोणी बसलेले नाही. सर्व्हर सुरूच झालेला नसतो किंवा दुसऱ्याच पोर्टवर असतो, तेव्हाही हेच उमटते. आणि सर्व्हरच्या मालकाने प्रवेशाची यादी ठेवली असून तुमचे नाव तीत नसेल, तर तो संदेश अगदी स्पष्ट येतो, की या सर्व्हरच्या व्हाइटलिस्टमध्ये तुम्ही नाही. आवृत्त्या जुळत नसतील तर तेही यंत्र सांगते.

लक्षात आलं ना? मित्राला यादीतून काढले असते तर त्याला 'रिफ्यूज्ड' दिसलेच नसते. ज्या शब्दाने त्याला राग आला, तोच शब्द पुतण्याच्या निर्दोषपणाची साक्ष देत होता. परंतु हे त्या रात्री दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते.

मग आम्ही शोध घेतला तो आतून बाहेर. विहिरीवरचा पंप चालतो पण शेताच्या टोकाला पाणी पोचत नाही, तेव्हा आपण पंपापासून पाट धरून चालत जातो ना, तसेच. प्रथम ज्या संगणकावर सर्व्हर आहे तिथूनच, लोकलहोस्ट असा पत्ता टाकून खेळात शिरलो. शिरता आले. म्हणजे पंप ठीक. दुसरी पायरी, घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून. पुतण्याने वहीतला क्रमांक वाचला, 192.168.1.7. आणि काय सांगू, घरातल्या घरात तेच उमटले: कनेक्शन रिफ्यूज्ड! सुरतेचा संबंधच नव्हता. बिघाड आमच्याच चार भिंतींत होता.

मग सर्व्हरच्या संगणकावर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. उत्तर आले 192.168.1.9. सात नव्हे, नऊ! राउटर हे आतले क्रमांक मुदतीने देत असतो, आणि काही राउटरांची नोंदवही वीज गेली की कोरी होते. वीज आल्यावर जो आधी हजर त्याला आधीचा क्रमांक. मग सात नंबर गेला कोणाकडे? राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते ती पाहिली. सात नंबर माझ्या फोनकडे होता. म्हणजे सुरतेहून ते पोर दार ठोठावत होते, आणि "इथं कोणी राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवीत होता तो माझ्या खिशातला फोन.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. राउटरमध्ये सर्व्हरच्या संगणकासाठी एक क्रमांक राखून ठेवायचा. ॲड्रेस रिझर्व्हेशन अशा नावाची ती सोय असते. तो संगणक वीज कितीदाही गेली-आली तरी मग त्याच क्रमांकावर राहतो. आमच्याकडे वीज जाणे नवे नाही, तेव्हा हे काम पहिल्या दिवशीच करायला हवे होते. पुतण्याने राउटरच्या त्या यादीचे छायाचित्र मित्राला पाठवले, खाली लिहिले, "काकाचा फोन होता." पाऊण तासाने मित्र गावात हजर झाला. त्या रात्री मी दोघांना दहाऐवजी अकरापर्यंत बसू दिले.

आमचे काम एवढ्यावर भागले, कारण आम्ही इंटरनेट देणाऱ्याकडून बाहेरचा कायम पत्ता जादा पैसे भरून घेतलेला होता. सगळ्यांचे असे नसते. बाहेरचे आकडी पत्ते जगात अपुरे पडू लागले, म्हणून पुष्कळ पुरवठादार, विशेषतः मोबाइलचे, अनेक घरे मिळून एकाच पत्त्यामागे ठेवतात. वाडा तुमचा नसून तुम्ही मोठ्या चाळीत राहता, आणि रस्त्यावरचे दार चाळमालकाच्या ताब्यात, असा हा प्रकार. तुम्ही आपल्या देवडीवर कितीही लिहून दिले तरी पाहुणा तिथवर येतच नाही. हे ओळखायचे कसे? राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता दिसतो तो पाहा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही चाळीत आहात. हे पत्ते 2012 साली याच कामासाठी राखून ठेवले गेले. किंवा 'माझा आयपी पत्ता काय' असे शोधून जो आकडा मिळेल तो राउटरमधल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला नाही तर अर्थ बहुधा तोच. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्री जागवू नका. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर सर्व्हरच भाड्याने दुसरीकडे ठेवा, किंवा झीरोटियर, टेलस्केल यांसारख्या साधनाने मित्रमंडळींचे खाजगी जाळे करून घ्या. ही अडचण सर्व्हर ठेवणाऱ्याला आहे, येणाऱ्याला नाही. मित्र मोबाइलच्या इंटरनेटवरून येत असेल तर खुशाल येऊ द्या.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. घरात बसून आपलाच बाहेरचा पत्ता टाकून पाहू नका. काही राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या दारातून पुन्हा आत घेत नाहीत, आणि सर्व नीट असूनही बिघाड आहे असे वाटते. ही परीक्षा घरच्या वायफायबाहेरच्या कोणाकडून तरी करवून घ्यावी.

आता थोडे रागाने बोलतो, क्षमा असावी. कुठे अडले की मुलांना सल्ला मिळतो, "फायरवॉल बंद करून टाक." दुसरा सांगतो, राउटरमध्ये डीएमझेड नावाची सोय आहे, ती चालू कर. कुलूप उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यातला हा प्रकार आहे. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, शाळेच्या परीक्षेचे गुण असतात, त्याची सगळी दारे सताड उघडी टाकायची? सर्व्हर चालवणाऱ्या त्या एका जावा प्रोग्रामला, किंवा 25565 या एका दरवाजाला परवानगी दिली की पुरे. तसेच सर्व्हरच्या सेटिंगच्या फायलीत ऑनलाइन-मोड अशी एक ओळ असते. ती 'फॉल्स' केली तर कोणीही कोणाच्याही नावाने आत शिरू शकतो. मुलांच्या सर्व्हरवर ती 'ट्रू'च असावी, आणि व्हाइटलिस्टही चालू असावी.

जोडले जाते पण खेळ अडखळतो, ही निराळी व्याधी. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 वेळा हिशेब करतो, म्हणजे एका फेरीला 50 मिलिसेकंद. संगणक दमला की सर्वांचाच खेळ एकदम रखडतो, आणि सर्व्हरच्या खिडकीत तो मागे पडल्याची सूचनाही येते. एकट्याचाच अडखळत असेल तर दोष त्याच्या वाटेचा. वायफाय सोडून तार जोडून पाहावी. शिवाय लांबच्या सर्व्हरला उशीर हा असणारच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे 7200 किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला 72 मिलिसेकंद तरी हवेतच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. हा आकडेमोडीचा प्रश्न नववीच्या वर्गात घालून पाहा, गुरुजी. फळ्यावर लंडनशेजारी सिंगापूरही लिहा, आणि भाड्याचा सर्व्हर कुठे घ्यावा ते मुलांनाच काढू द्या.