पाऊणकीतला समुद्र

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं गणित आणि भूगोल शिकवला. शाळेत समुद्र कसा शिकवावा, या आजच्या विषयाची सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करतो, कारण मी या विचाराकडे वळलो तो तिच्यामुळेच.

सातवीची सहामाही परीक्षा होती. भूगोलात प्रश्न होता : भरतीची वेळ रोज का बदलते? कोळीवाड्यातल्या एका मुलानं एकच ओळ लिहिली, ‘तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती.’ गुरुत्वाकर्षण नाही, परिवलन नाही, आकृतीही नाही. मी शून्य दिलं. दोन दिवसांनी धक्क्यावर त्याचा आजा भेटला. जाळं विणता विणता त्यानं शांतपणे विचारलं, “मास्तर, पोराचा काय चुकला?” मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो, पंचांग उघडलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब असा आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते. तिथून पुढे दर तिथीला ती पाऊण तासानं पुढे सरकते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. इथल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असेल. आता थोडं खोलात जाऊ. चंद्राच्या एका महिन्यात भरती घड्याळाचे चोवीस तास फिरून पुन्हा बारावर येते. तिथी तीस. म्हणजे एका तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटांची तूट पडते आणि पंधराव्या तिथीला ती पाऊण तासाची होते. मग पूर्वजांनी पाऊणपट का धरली? माझा अंदाज असा की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाढे तोंडी असायचे, आणि पाऊणकी ओठांवर असली की होडीत बसल्या बसल्या हिशेब होतो. शिवाय ही चूक सुरक्षित बाजूची आहे. वेळेआधी पोचलेला तांडेल थोडा थांबतो. उशिरा पोचलेल्याचा मचवा खाडीच्या चिखलात रुततो.

त्या मुलानं एका ओळीत चंद्राची गती, अपूर्णांकाचा गुणाकार आणि अंदाजाचं शास्त्र सांगितलं होतं. मी त्यात फक्त पुस्तकातलं वाक्य शोधत होतो.

पुढच्या वर्षी आम्ही धक्क्याच्या खांबावर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा केल्या. पंधरा दिवस मुलं पाळीपाळीनं पाण्याची उंची आणि वेळ टिपत होती. सातवीच्या मुलांनी नोंदी केल्या, दहावीच्या मुलांनी त्यांचा आलेख काढला. कागदावर लाट उमटली. उधाणाला उंच, भांगाच्या दिवसांत बसकी. एका मुलीनं विचारलं, “सर, मालवणला माझी मावशी असते. तिथं भरती आपल्याआधी येते, असं का?” या एका प्रश्नावर आमचे तीन तास गेले. भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येते. समुद्राचा तळ उत्तरेकडे रुंद आणि उथळ होत जातो. त्यामुळे गोव्याला पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं, मुंबईला उधाणात जवळजवळ पाच, आणि खंबातच्या आखाताच्या नरसाळ्यात दहा मीटरच्याही वर जातं. पुस्तकातल्या आकृतीत चंद्र पाणी ओढतो एवढंच दिसतं. किनाऱ्याचा आकारही भरतीत हात घालतो, हे मुलांना त्यांच्या खांबानं शिकवलं.

मित्रहो, मला शाळेत ‘समुद्र’ नावाचा नवा विषय नको आहे. नवा विषय म्हणजे नवं पुस्तक, नवी चाचणी आणि मुलांच्या पाठीवर आणखी ओझं. समुद्र अभ्यासक्रमात आधीपासून आहे, पण तुकड्यातुकड्यानं. भूगोलात खारे आणि मतलई वारे, इतिहासात आरमार, विज्ञानात मिठाचे स्फटिक. हे तुकडे एकमेकांना कधी भेटत नाहीत, कारण शिक्षकांच्या खोलीत आम्ही शिक्षकच एकमेकांना त्या कामासाठी भेटत नाही.

मीठच घ्या. उधाणाचं पाणी उघाडीतून मिठागरात घेतात. एका लिटर समुद्रपाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरतं आणि उन्हानं आटत जातं. आधी जिप्सम तळाशी बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचं कडवट पाणी मागे उरतं. द्राव्यता या शब्दाचा इतका सुंदर प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेत होईल? मीठ धरू लागलं की पाण्यावर पांढुरकी साय येते. ती बोटानं हलवली की मुलांना जे समजतं, ते परीक्षानळीत समजत नाही. त्याच बांधावर उभं राहून भाषेच्या बाई सांगू शकतात की आगरावरून आगरी हे नाव आलं. इतिहासाचे सर १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह सांगतील आणि मग अलिबागच्या खारेपाटाकडे वळतील. समुद्र बाहेर अडवून जमीन कसणाऱ्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप चालवला, तो चरी गावचा संप. बांध फुटला की शेत खारं होतं, आणि ते पुन्हा गोडं व्हायला किती वर्षं लागतात, हे कळल्याशिवाय त्या संपाची धग मुलांपर्यंत पोचत नाही.

गणितातलं आणखी एक सांगतो, कारण मला ते फार प्रिय आहे. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, असं आपण सगळ्यांनी पाठ केलं. अलीकडे केंद्र सरकारनं तो नव्यानं मोजला आणि आकडा ११,०९८ च्या वर गेला. जमीन वाढली नाही, मोजपट्टी बारीक झाली. मँडेलब्रॉट या गणितज्ञानं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल नेमका हाच प्रश्न मांडला होता. आम्ही खाडीचा तोच काठ आधी दहा मीटरच्या दोरीनं मोजला, मग एक मीटरच्या काठीनं. काठीनं मोजलेला काठ बराच लांब भरला. मुलं भांडायला लागली, खरं उत्तर कोणतं? त्या भांडणात मी पडलो नाही.

मासेबाजारातही एक तास घेता येतो. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. जून-जुलैत मासेमारी बंद का, याचं उत्तर अंडी भरलेल्या मासळीत आहे. कमीत कमी किती लांबीचा मासा धरावा, याचेही आता नियम आहेत. मुलांच्या हातात पट्टी द्या आणि कोळणीच्या पाटीतले पापलेट तिच्या परवानगीनं मोजू द्या. मात्र तिचा धंदा खोळंबेल अशी गर्दी नको. कोळीवाडा म्हणजे सहलीचं ठिकाण नाही, तिथं आपल्या वर्गातल्या मुलांची घरं आहेत. ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, आणि शिक्षकांनी बाकावर बसावं. भरतीचा हिशेब लिहिणाऱ्या त्या मुलाच्या आजोबांना आम्ही असंच बोलावलं होतं. पहिली दहा मिनिटं ते बोललेच नाहीत. मग खिशातून सुई काढून त्यांनी जाळ्याची गाठ घालून दाखवली, आणि घंटा कधी झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोलापूरहून आलेल्या एका शिक्षिकेनं मला एकदा विचारलं, “आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही, आम्ही काय करायचं?” मी त्यांना म्हटलं, तुमच्या आठवडे बाजारात सुकट येते, ती कुठून येते ते मुलांना शोधायला सांगा. आणि जूनमधला पहिला पाऊस पडेल तेव्हा सांगा, हे पाणी आलं समुद्रावरून.

वेळ होत आली. आज वैशाख वद्य चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती होऊन गेली, आणि आता नऊच्या पुढे पाणी पुरतं ओसरलेलं असेल. घरोघरी संकष्टीसाठी चंद्राची वाट पाहणं चालू असेल. आपल्याकडे चंद्र उगवतो तेव्हा ओहोटी असते, आणि तो डोक्यावर येतो तेव्हा भरती. आरतीच्या आधी मुलांना दहा मिनिटं धक्क्यावर न्या. सोबत घड्याळ असू द्या. खांबावरच्या जुन्या खुणा अजून दिसतात, खालून चौथी कोरडी आहे का ते त्यांना पाहू द्या.