अति घाई, संकटात नेई
(मंडळाच्या सभासदांसमोर दिलेले भाषण)



मी यीस्टवर काम करते म्हटलं की "म्हणजे बेकरीत का?" असा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा, "त्यावर सरकारी पैसा कशाला?" त्याचं उत्तर आज देते.

पाव फुगवणारं हे यीस्ट एकाच पेशीचं, पण आपलं लांबचं नातेवाईक. त्याची जनुकं सुमारे ६०००. त्यातली डीएनए सांभाळणारी बरीचशी जनुकं थोड्याफार फरकाने आपल्यातही आहेत.

क्ष-किरणांनी डीएनए तुटला की पेशी विभाजन थांबवते. १९८८ साली सिअॅटलमध्ये टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी 'रॅड-९' जनुक नसलेलं यीस्ट तपासलं. ते थांबतच नसे. तुटक्या डीएनएसकट विभागत राही आणि मरे. मग त्यांनी औषध घालून विभाजन काही तास रोखलं, तर त्यातल्या कितीतरी जास्त पेशी वाचल्या! म्हणजे दुरुस्तीचं सामान शाबूत होतं, कमी पडत होता तो वेळ. आपल्या घाटातली पाटी सांगते तेच. पेशीचक्रावरील संशोधनासाठी हार्टवेल यांना २००१ मध्ये नोबेल विभागून मिळालं.

पण दर वेळी थांबून चालत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएतली शेजारशेजारची दोन 'टी' अक्षरं एकमेकांना चिकटतात. नक्कल करणारं नेहमीचं विकर तिथे अडतं. तेव्हा 'रॅड-३०' जनुकाचं विकर पुढे येतं, समोर बरोबर दोन 'ए' बसवतं आणि काम पुढे सरकतं. खड्डा बुजवायला सवड नाही म्हणून वर फळी टाकावी, तसं. खड्डा मागाहून बुजवता येतो. १९९९ साली टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टन इथल्या सत्य प्रकाश आणि लुईझ प्रकाश यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं.

त्याच वर्षी कळलं, की माणसातलं हेच जनुक बिघडलं तर 'झेरोडर्मा पिगमेंटोसम' या रोगाचा एक प्रकार होतो. फळी नसल्यामुळे दुसरी, ढिसाळ विकरं चुकीची अक्षरं घालतात. चुका साचत जातात आणि उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो.

आज अशा रुग्णाचं जनुक तपासून निदान करता येतं. ते लवकर झालं, तर उन्हापासून जपून कर्करोगाचा धोका कमी करता येतो. त्या माणसाच्या घरी जाऊन "यीस्टवर पैसा कशाला?" असं विचारायची हिंमत कोणाला होईल असं मला वाटत नाही.