आठ आकडे होईपर्यंत : नाओया इनोउएची गोष्ट

हेडफोन लावून प्रवासात असाल, तर आवाज थोडा वाढवा, कारण आज आपल्याला आठ सेकंदांबद्दल बोलायचंय.

तारीख 6 मे 2024. जागा टोकियो डोम. 40 हजारांहून जास्त प्रेक्षक. रिंगमध्ये जपानचा नाओया इनोउए. टोपणनाव ‘मॉन्स्टर’. तोवर 26 लढती, 26 विजय, त्यातले 23 नॉकआउट. समोर मेक्सिकोचा लुइस नेरी. पहिला राउंड सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात नेरीचा डावा हुक बसला आणि इनोउए खाली. व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच!

आता तुम्ही-आम्ही पडलो तर काय करतो? पटकन उठतो. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतो. बॉक्सरसुद्धा बहुतेक वेळा तेच करतात. लाज वाटते म्हणून ताडकन उभे राहतात आणि मग पाय लटपटतात. इनोउए उठला नाही. एक गुडघा टेकून तो बसून राहिला. रेफरी आकडे मोजतोय आणि हा शांतपणे ऐकतोय. आठ झाल्यावर उभा राहिला.

माझ्या मते इनोउए समजून घ्यायचा असेल तर त्याच्या नॉकआउटच्या रीलपेक्षा हे आठ आकडे जास्त कामाचे आहेत. का, ते सांगतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. इनोउएचा जन्म 10 एप्रिल 1993चा, कानागावा प्रांतातल्या झामा शहरातला. वडील शिंगो यांचा रंगकामाचा व्यवसाय होता आणि ते स्वतः हौशी बॉक्सर होते. पोरगा पहिलीत असताना त्याने त्यांच्याकडेच बॉक्सिंग शिकायला सुरुवात केली. धाकटा भाऊ ताकुमाही त्यातच वाढला आणि पुढे तोही विश्वविजेता झाला. गंमत म्हणजे आजही कोपऱ्यात मुख्य प्रशिक्षक म्हणून वडीलच उभे असतात.

आणि हो, हा पोरगा कधी हरलाच नाही असं नाही हं. 2012 साली लंडन ऑलिंपिकसाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेत तो अंतिम फेरीत हरला आणि ऑलिंपिक हुकलं. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला, योकोहामाच्या ओहाशी जिममधून. हे जिम हिदेयुकी ओहाशी यांचं, जे स्वतः विश्वविजेते होते. तिथे येताना इनोउएने अट काय घातली माहितीये? मला कच्चे प्रतिस्पर्धी द्यायचे नाहीत. एकोणीस वर्षांचा मुलगा! सहसा नवीन बॉक्सरला सुरुवातीला सोप्या लढती देतात, म्हणजे आकडे छान दिसतात. याला ते नको होतं.

आता वजनाचं गणित बघू. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. इनोउएने पहिला जागतिक किताब जिंकला तो लाइट फ्लायवेट गटात, म्हणजे कमाल वजन साधारण 49 किलो. तारीख 6 एप्रिल 2014, आणि ही त्याची फक्त सहावी लढत! पण त्या लढतीसाठी वजन उतरवताना शरीर इतकं पिळून निघालं होतं की मध्येच पायात गोळा आला. मग त्याने फ्लायवेट गट सोडून थेट सुपर फ्लायवेटमध्ये उडी मारली, साधारण 52 किलो. तिथून बॅन्टमवेट, साडेत्रेपन्न. आणि शेवटी सुपर बॅन्टमवेट, सव्वापंचावन्न.

म्हणजे नऊ वर्षांत चार गट आणि वाढ किती? सहा-साडेसहा किलो. आपल्याकडे काही जण दिवाळीच्या फराळात तेवढं कमावतात! पण या गटांमध्ये एकेक किलो महाग असतो. वर गेलात की समोरचा हाडापेराने मोठा, हात लांब, ठोसा जड. खाली राहिलात की जेवण बंद, पाणी बंद.

‘बॅन्टम’ म्हणजे मुळात छोट्या चणीचा कोंबडा. हा शब्द आपल्याला परका नाही बरं का. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, ते बॅन्टमवेट गटातच. आणि त्या गटातलं सुवर्ण कुणी नेलं? जपानच्या शोहाची इशीने. त्याच 1952 साली योशिओ शिराई हा जपानचा पहिला बॉक्सिंग विश्वविजेता झाला, तोही फ्लायवेटमध्ये. म्हणजे लहान चणीच्या जपानी योद्ध्यांची ही परंपरा जुनी आहे.

इनोउएकडे परत येऊ. 2014च्या डिसेंबरमध्ये त्याची गाठ पडली अर्जेंटिनाच्या ओमार नार्वाएझशी. अनुभवी माणूस, तोवर त्याला कुणी नॉकआउट केलं नव्हतं. इनोउएने दुसऱ्या राउंडमध्ये खेळ संपवला. किस्सा असा सांगतात की नंतर नार्वाएझच्या माणसांनी इनोउएचे ग्लोव्ह्ज तपासून बघितले, आत काही लपवलंय का म्हणून! 2018मध्ये तो बॅन्टमवेटला आला. जेमी मॅकडॉनेल 112 सेकंदांत गेला, हुआन कार्लोस पायानो 70 सेकंदांत. लोक जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसेपर्यंत लढत खलास.

पण एक प्रश्न उरत होता. हा मारतो भारी, मान्य. याला मार बसला तर? कुणालाच माहीत नव्हतं, कारण तशी वेळच येत नव्हती.

ती वेळ आली 7 नोव्हेंबर 2019ला, सायतामामध्ये. समोर फिलिपिन्सचा नोनीतो डोनेअर, वय 36. बहुतेकांना वाटलं, म्हातारा दोन-तीन राउंडमध्ये जाईल. दुसऱ्याच राउंडमध्ये डोनेअरचा डावा हुक इनोउएच्या उजव्या डोळ्यावर बसला. भुवईखाली चीर पडली, रक्त आलं. पण खरी दुखापत आत होती. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. इनोउएला एकाच्या जागी दोन डोनेअर दिसायला लागले. अजून दहा राउंड बाकी!

त्याने काय केलं? उजवा ग्लोव्ह वर धरून तो डोळा झाकायला सुरुवात केली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बचाव चाललाय. प्रत्यक्षात तो एका डोळ्याने लढत होता. नवव्या राउंडमध्ये डोनेअरच्या उजव्या ठोशाने तो हलला, तर सरळ मिठी मारून वेळ काढला. आणि अकराव्यात बरगडीखाली असा डावा हुक घातला की डोनेअर गुडघ्यावर आला. बारा राउंड पूर्ण झाले, पंचांनी एकमताने इनोउएला विजयी ठरवलं.

त्या रात्रीचं आणखी एक सांगतो. डोनेअरने मुलांना शब्द दिला होता की मुहम्मद अली ट्रॉफी घेऊन येईन. हरल्यावर त्याने इनोउएकडे ती एका रात्रीपुरती मागितली. इनोउएने दिली. अडीच वर्षांनी हे दोघं पुन्हा भेटले, तेव्हा मात्र दुसऱ्या राउंडमध्येच विषय संपला.

आता टोकियो डोमला जाऊ. मधल्या काळात इनोउएने बॅन्टमवेटचे चारही मुख्य पट्टे एकत्र केले, डिसेंबर 2022मध्ये. वर्षभरात सुपर बॅन्टमवेटचेही चारही. दोन गटांत असं करणारा टेरेन्स क्रॉफर्डनंतरचा तो दुसराच पुरुष बॉक्सर.

आणि नेरी कोण? जपानी प्रेक्षकांच्या डोक्यात बसलेला माणूस. 2017मध्ये त्याने जपानच्या लाडक्या शिन्सुके यामानाकाला हरवलं. यामानाकाने किताब बारा वेळा राखला होता, तेराव्यांदा राखला असता तर योको गुशिकेनच्या विक्रमाची बरोबरी झाली असती. नंतर कळलं की नेरी उत्तेजक चाचणीत अडकलाय. दूषित मांसामुळे झालं, असा त्याचा खुलासा. पुढच्या वर्षी पुन्हा लढत ठरली, तर नेरी वजनमर्यादेच्या बराच वर! तरी लढत झाली, यामानाका दुसऱ्या राउंडमध्ये पडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. जपानने नेरीवर बंदी घातली.

त्या बंदीनंतर तो परत येतोय. टोकियो डोममध्ये चौतीस वर्षांनी बॉक्सिंग होतंय. आणि चौतीस वर्षांपूर्वी तिथे काय झालं होतं? अजिंक्य वाटणारा माइक टायसन बस्टर डग्लसकडून हरला होता. त्याच छताखाली पहिल्याच राउंडमध्ये इनोउए खाली पडतो. विचार करा, त्या 40 हजार लोकांच्या पोटात कसा गोळा आला असेल!

आणि हा गुडघ्यावर बसून आकडे ऐकतोय. नंतर त्याने सांगितलं की असं कधी झालंच तर आठपर्यंत विश्रांती घ्यायची, हे तो आधीपासून मनात घोळवत आला होता. लक्षात घ्या, तोवर एकदाही न पडलेला माणूस पडण्याची तयारी करत होता! उठल्यावर त्याने बदला घ्यायची घाई केली नाही. आधी राउंड काढला. दुसऱ्यात डाव्या हुकने नेरीला पाडलं, पाचव्यात पुन्हा पाडलं, सहाव्यात उजव्या हाताने काम तमाम.

पण थांबा, गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. एका वर्षाने, 4 मे 2025ला लास वेगासमध्ये रॅमन कार्डेनासने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये पाडलं. ठोसा कोणता? पुन्हा डावा हुक! इनोउए पुन्हा उठला, आठव्या राउंडमध्ये जिंकलाही. पण आता लोक बोलायला लागले. वय 32, वजन वाढत गेलेलं, आणि संपवायच्या नादात हा स्वतः उघडा पडतो. मला ती टीका रास्त वाटली. उठता येतं म्हणून पडत राहावं, असं थोडंच आहे?

त्याचं उत्तर 14 सप्टेंबर 2025ला नागोयामध्ये मिळालं. समोर उझबेकिस्तानचा मुरोदजॉन अखमादालिएव, रिओ ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, डावखुरा आणि ताकदवान. आणि इनोउएने बारा राउंड काय केलं? आत जायचं, दोन ठोसे, बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. नॉकआउटचा मोह टाळला. दोन पंचांनी 118-110 दिले, तिसऱ्याने 117-111. डोनेअरच्या त्या रात्रीनंतर सलग अकरा लढती वेळेआधी संपवलेला माणूस पहिल्यांदाच शेवटच्या घंटेपर्यंत गेला, आणि तेही ठरवून.

काही जण म्हणाले, कंटाळवाणी लढत. मला तर ती त्याची सगळ्यात अवघड लढत वाटते. ज्या गोष्टीने नाव झालं, तीच गोष्ट त्याने बारा राउंड खिशात ठेवली. टोकियोमध्ये आठ आकडे थांबायचा धीर होता. नागोयामध्ये तोच धीर छत्तीस मिनिटं टिकवला.

तर मंडळी, एक गृहपाठ देतो. नॉकआउटचे तुकडे नंतर बघा. आधी डोनेअरबरोबरची 2019ची लढत पूर्ण बघा आणि इनोउएच्या उजव्या ग्लोव्हवर लक्ष ठेवा. मग नेरीविरुद्धचा पहिला राउंड. आणि मग नागोयाची लढत, पुढे न ढकलता. तुम्हाला काय दिसलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!