वरच्या वर्गातल्या दादा-ताईला विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनी इंदिरानगर, नाशिक येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. गिरणीत पाळ्या करण्यात आमचं आयुष्य गेलं. जे थोडंफार वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तरी समितीनं आम्हाला शिक्षणावर बोलायला उभं केलं, त्याला कारण आहे. दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीतले आईबाप पेढे घेऊन आमच्याकडे येतात आणि पेढा हातावर ठेवता ठेवता विचारतात, "आता पोराला कुठं घालायचं?"

हा प्रश्नच आम्हाला खटकतो. पोरगं म्हणजे काय धान्य आहे, या पोत्यात घालायचं की त्या पोत्यात? हा प्रश्न पोरानं स्वतः विचारायचा आहे. आणि तो आम्हालाही नाही, तर त्याच्याहून दोन-तीन वर्षं पुढं गेलेल्या विद्यार्थ्याला विचारायचा आहे. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडे शाखा ठरते कशी ते बघा. नव्वद टक्के पडले तर सायन्स, साठ पडले तर कॉमर्स, पन्नास पडले तर आर्ट्स. जणू मार्क म्हणजे रेशनकार्डाचा रंग! नाहीतर शेजारच्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून आपलाही व्हावा. ज्या घरात आजोबा वकील आणि आत्या डॉक्टर, तिथं जेवताना या गोष्टी पोरांच्या कानावर आपोआप पडतात. आपल्या घरात जेवताना पाळीची, पाण्याच्या टाकीची आणि पतपेढीच्या हप्त्याची बोलणी चालतात. आपल्या पोरांत बुद्धी कमी नाही, माहिती कमी आहे. आणि माहिती नसली की त्याचे पैसे मोजावे लागतात.

आमच्या ओळखीच्या एका कामगार बांधवानं मुलीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं. बोर्डावर मोठं नाव होतं, संगणकाची चित्रं होती, "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेलं होतं. वर्ष संपल्यावर कळलं की त्या अभ्यासक्रमाला मान्यताच नाही. मुलीचं एक वर्ष गेलं आणि बापाचे हप्ते पुढं चार वर्षं चालू राहिले. त्या संस्थेच्या दारात उभं राहून दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी अर्धा तास बोलणं झालं असतं, तर खरं काय ते कळलं असतं. दुसऱ्या वर्षाला कुणी नव्हतंच, एवढं तरी दिसलं असतं!

आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो, तेव्हा साच्यावर तुटलेला धागा कसा जोडायचा हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या साच्यावरच्या जुन्या कामगारानं ते दाखवलं. मालकाला ते येत नव्हतं आणि साहेबाला येत होतं तर सांगायला वेळ नव्हता. जो काल शिकला तोच आज चांगलं शिकवतो, कारण आपलं कुठं अडलं होतं ते तो अजून विसरलेला नसतो. कॉलेजचंही तसंच आहे.

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिकवायला नकार मिळाला म्हणून फारसी घ्यावी लागली. विषय निवडण्याचा हक्कसुद्धा त्यांना नव्हता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची विचारपूस केळुसकर गुरुजींनी केली, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, पुढं सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पुढं लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा. एवढ्या प्रचंड बुद्धीच्या माणसालाही त्या बागेत कुणीतरी विचारणारं भेटावं लागलं. पण वरच्या वर्गातला आपला दादा मात्र त्यांना नव्हता. कसा असणार? त्या वाटेवर त्यांच्या पुढं आपलं कुणी गेलेलंच नव्हतं.

आज तसं नाही. आज प्रत्येक गल्लीत एक तरी मुलगा पॉलिटेक्निकला आहे, एखादी ताई नर्सिंगला आहे, कुणी लॉ करतो आहे, कुणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेतो आहे. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे. विदर्भात तर हे काम रीतसर उभं राहिलं आहे. वर्ध्याला अनूप कुमार यांनी २०१३ साली नालंदा अकॅडमी सुरू केली. तिथं बहुजन समाजातली मुलं देशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करतात. यवतमाळला राजू केंद्रे यांनी 'एकलव्य' हे काम उभं केलं. स्वतः केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, २०२१ साली चेवनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला गेले. या कामांचं मर्म एकच आहे. जो पुढं गेला त्यानं मागच्याला वाट सांगायची.

मग मुलांनो, विचारायचं काय? "दादा, स्कोप आहे का?" एवढं विचारून घरी जाऊ नका. वही-पेन घेऊन बसा.

पहिलं विचारा, तुझा दिवस कसा जातो? सकाळपासून रात्रीपर्यंत तू नक्की काय करतोस? वस्तीतल्या एका मुलीनं असंच कॉम्प्युटर शिकणाऱ्या ताईला विचारलं. ताई म्हणाली, "प्रोग्राम चुकला तर मी रात्री एकपर्यंत एकटी चूक शोधत बसते. मला त्यात मजा वाटते. तुला वाटेल का?" मुलगी विचारात पडली. म्हणाली, "मला तर माणसांशी बोलल्याशिवाय करमत नाही." आज ती लॉला आहे आणि खुशीत आहे. मार्कलिस्टवर हे कुठं छापलेलं असतं?

दुसरं विचारा, कोणता विषय जड गेला? इंग्रजीतलं शिकवणं कळायला किती महिने लागले? पहिल्या वर्षी वर्गातली किती मुलं सोडून गेली, आणि का?

तिसरं, छापील फी सोडून वरचा खर्च किती? बस, मेस, जर्नल, ड्रॉइंगचं साहित्य, प्रयोगशाळेचा कोट. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो का? पैसे कोणत्या महिन्यात खात्यावर येतात, आणि तोपर्यंत तू काय केलंस? शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, हे आपल्या निम्म्या पालकांना ठाऊक नाही. ज्यानं अर्ज भरला त्याला ठाऊक आहे.

चौथं, कागदपत्रं. जात पडताळणी अकरावी-बारावीतच करून घ्या, प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. राज्याच्या कॉलेजात चालणारा जातीचा दाखला केंद्राच्या संस्थेत तसाच चालेल असं नाही, नमुना वेगळा लागतो. बौद्ध विद्यार्थ्यांनी तर हे आधीच विचारून ठेवावं.

पाचवं, तुझ्या पुढं पास झालेली मुलं आज काय करतात? आणि या वाटेला पुढं फाटे कुठं कुठं फुटतात? दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाचं दार बंद नाही. लॉ बारावीनंतर पाच वर्षांचं आहे, पदवीनंतर तीन वर्षांचं. आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्याला भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते. बाबासाहेबांचा विषय आपल्याच घरात कमी दर्जाचा ठरावा, हे बरं नव्हे.

आता सावधगिरीचंही सांगतो. एकाच दादाचं ऐकून ठरवू नका. त्याला त्याची वाट आवडली म्हणून ती तुमची होत नाही. तिघांना विचारा. त्यात एक असा असू द्या, ज्यानं मधेच सोडलं. तो लाजतो, आपण त्याला टाळतो, पण खड्डा कुठं आहे ते त्यालाच नीट माहीत असतं. आणि फी, तारखा, मान्यता या गोष्टी ऑफिसात जाऊन स्वतः तपासा. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं ते हेच, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या.

आणखी एक कटू गोष्ट. वरच्या वर्गातला प्रत्येकजण हात देणाराच असतो असं नाही. २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीनं आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला. म्हणून सहावा प्रश्न विचारायला लाजू नका. तिथं कुणी अपमान केला तर तू कुणाकडे गेलास? तुझ्या पाठीशी कोण उभं राहिलं? प्रवेशाच्या आधीच ज्या पोरीकडे तिथल्या एका ताईचा फोन नंबर आहे, ती पोरगी एकटी पडत नाही.

पालकांना हात जोडून विनंती आहे. मुलगी कॉलेजातल्या मुला-मुलींशी बोलते म्हणून डोळे वटारू नका. तिला विहारात घेऊन या, सगळ्यांसमोर बोलू द्या. आपण शेजारी बसा, पण तिच्या वतीनं प्रश्न विचारू नका.

आणि कॉलेजात गेलेल्या दादा-तायांनो, तुम्हाला थोडं रागानं सांगतो. तुमच्यातले काहीजण नोकरी लागली, फ्लॅट घेतला की वस्तीचा रस्ता विसरतात. आम्ही तुमच्याकडे देणगी मागत नाही. महिन्यातला एक रविवार, दोन तास मागतो. फुशारकी मारू नका, नापास झालात तेही सांगा. तुमच्या नापास होण्यातूनही इथलं एखादं पोरगं पास होईल.

समितीपुढं आमची सूचना अशी आहे. विहारात एक वही ठेवावी. कोण कोणत्या कॉलेजात, कोणत्या वर्षाला, कोणत्या दिवशी भेटेल, हे त्या त्या विद्यार्थ्याला विचारून लिहावं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर दोन तास हेच काम. याला खर्च एका वहीचा आहे. वहीचे पैसे आम्ही देतो, पहिलं नाव आज इथं बसलेल्यांपैकी कुणीतरी लिहावं.